आवाजाला तेल

शुक्रवारी संध्याकाळी चौकात गाडी थांबली नाही. म्हणजे थांबली, पण मी सांगितलं तिथे नाही. पांढऱ्या पट्ट्याच्या पुढे चांगली दोन हात जाऊन थांबली. समोरून एक माणूस काखेत गुंडाळलेली चटई घेऊन रस्ता ओलांडत होता. त्याने मोकळा हात बॉनेटवर टेकला, जणू तोच गाडी थांबवतोय, आणि माझ्याकडे बघितलं. आता शिवी देणार असं वाटलं. दिली नाही. बॉनेटवर दोनदा थोपटलं, गुराला थोपटतात तसं, आणि चटई सावरत पलीकडे गेला. मागचे हॉर्न वाजायला लागले. मी वाट बघत होतो की आता छातीत धडधडेल, घाम फुटेल, निदान घसा तरी कोरडा पडेल. त्यातलं काहीच झालं नाही. गिअर टाकला, घरी आलो, हात धुऊन जेवायला बसलो. भाजीत मीठ कमी पडलंय असं बायको म्हणाली, तेव्हा हो म्हणालो. मीठ कमी होतं की जास्त, ते मला कळलं नव्हतं.

हे असं कधीपासून आहे ते सांगता येत नाही. कुणी गेलं म्हणून नाही, काही बुडालं म्हणून नाही. दाढ काढायला भूल देतात, तेव्हा गाल आपलाच असतो, पण बोट लावलं तर दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. तसा मी साधारण दिवसभर असतो. बायको आधी भांडायची. ‘तुझ्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी,’ म्हणायची. हल्ली भांडत नाही, कामापुरतं सांगते, आणि मी कामापुरतं ऐकतो. ऐकण्याचंच माझं काम आहे म्हणा, किंवा दुसऱ्याच्या ऐकण्याचं. इस्पितळाच्या तळमजल्यावर एक खोली आहे आणि त्या खोलीच्या पोटात आणखी एक खोली, जाड दाराची, बाहेरचा टाचणीएवढा आवाज आत न जाणारी. आत माणूस बसतो, कानांवर हेडफोन, हातात बटण. काचेच्या बाहेर मी. मी एक एक बारीक आवाज आत सोडतो, त्याला ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, आणि मी कागदावर खूण करायची. ‘आवाज कितीही बारीक असला तरी दाबा,’ हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा बोलतो. एकोणीस वर्षं झाली. शाळेच्या वर्गातले जुने मित्र म्हणतात, तुझं बरं आहे बाबा, डोक्याला कटकट नाही. खरंच नाही.

गाडीचे ब्रेक तीन महिने ओरडत होते. गाडी म्हणजे आमची एकुलती एक, अकरा वर्षांची, आणि दिवसा ती अण्णांच्या ताब्यात. अण्णा माझे वडील. मी आणि बायको आपापल्या बसने कामाला जातो. ठकीला शाळेत सोडायचं, आणायचं, पोहायला न्यायचं, ते सगळं अण्णा करतात. ठकी आमची मुलगी, नऊ वर्षांची आहे. गाडी कोपऱ्यावर वळली की ती किंकाळी आमच्या स्वयंपाकघरात यायची आणि बायको म्हणायची, आले. शेजारचे शिंपी मशीन थांबवून कपाळाला आठ्या घालायचे. ठकी म्हणायची, गाडीचं पोट दुखतंय. मी दर रविवारी म्हणायचो, पुढच्या रविवारी बघतो. दर महिन्यात चार रविवार असतात, कधी पाचही. ब्रेकचे पॅड झिजले की त्यातली एक पातळ पत्री फिरत्या तबकडीला घासते आणि ओरडते; ती मुद्दामच तिथे बसवलेली असते, माणसाला कळावं म्हणून. हे मला माहीत होतं. शेवटी शुक्रवारी संध्याकाळी पॅड आणायला गाडी काढली, तर आवाज गायब. दुकानापर्यंत एकदाही ओरडली नाही. दुखणं आपोआप गेलं तर वैद्याकडे कोण जातं, पण निघालोच होतो म्हणून पॅड घेतले, आणि परत येताना चौकात तो चटईवाला.

रविवारी सकाळी मी घरासमोरच्या फरशीवर गाडी घेतली. मागच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक ओढला. अण्णा आतून स्टूल घेऊन आले आणि सावली बघून बसले. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण अजून शर्टाच्या खिशात सहा इंची पट्टी असते. कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होते, पत्रा दाबणाऱ्या मोठ्या यंत्रांच्या खात्यात. तिथे दोन माणसं एकमेकांशी बोलायची ती खुणेने किंवा ओठांवरून. घरी आले की पहिला अर्धा तास ते आमच्याशीही तसंच बोलायचे, तोंड उघडून, आवाज न काढता, आणि आई हसून म्हणायची, सुटली हो पाळी तुमची, आता बोला.

‘आवाज गेलाय म्हणतेस सूनबाई, मग हा उघडतोय कशाला?’ अण्णा दाराकडे बघून म्हणाले. बायको दारात होती. ‘सुखाचा जीव दुःखात घालायची हौस आहे याला.’

‘करू द्या अण्णा, इतक्या दिवसांनी हललाय जागचा,’ बायको म्हणाली आणि आत गेली. अण्णा हो हो म्हणाले. ती पाठ फिरवून बोलली होती, म्हणजे त्यांना काही कळलेलं नव्हतं.

मी जॅक सरकवला. ‘आधी नट ढिले कर,’ अण्णा म्हणाले, ‘मग उचल. हवेत चाक फिरतं, नट फिरत नाही.’ हे मी आयुष्यात शंभरदा ऐकलं आहे. पाय देऊन पाना दाबला, नट एकेक करून कुरकुरत सुटले, गाडी उचलली, खाली लोखंडी घोडी लावली, चाक काढून भिंतीला टेकवलं. आतली तबकडी उघडी पडली. तिला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा असतो, आणि चिमट्याच्या दोन ओठांत ते पॅड. तबकडी चकचकीत असते, कोरडी, तव्यासारखी. ही चकचकीत होती, पण कोरडी नव्हती. कडेला तपकिरी रंगाची चिकट साय धरली होती आणि तिच्यावर धूळ बसली होती. मी बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. शिवणयंत्राच्या तेलाचा वास आला, आमच्या घरातल्या प्रत्येक बिजागरीला येतो तो.

अण्णांची तेलाची बुधली लांब नळीची आहे, तळ दाबला की टक्क करून एक थेंब सोडणारी. मी लहान असताना दर महिन्याच्या एक तारखेला ती घेऊन ते घरभर फिरायचे. दारं, खिडक्या, पंखा, कुलपं, आईचं मशीन, माझी तीनचाकी. कुरकुर म्हणून त्यांना सहनच व्हायची नाही. दिवसभर त्या राक्षसांमध्ये उभं राहून आल्यावर घरात शांतता पाहिजे, असं आई सांगायची. घरातली एखादी वस्तू दुसऱ्यांदा कुरकुरलेली मला आठवत नाही. गेली काही वर्षं मात्र न्हाणीघराचं दार कण्हतं आणि अण्णा त्याच्या शेजारी निवांत पेपर वाचत बसलेले असतात. बायको बुधली त्यांच्या हातात देते आणि दाराकडे बोट दाखवते, मग ते लाजल्यासारखे उठतात. आणि याच अण्णांनी मी दहा वर्षांचा असताना मला एक मुस्काटात दिली होती. त्यांनी स्कूटरचं चाक उघडलं होतं आणि मी तेलकट हातांनी ब्रेकचा लायनर उचलला होता. आयुष्यातली ती एकच. गालावर त्यांच्या बोटांचे काळे ठसे उठले होते, आईने ते रॉकेलने पुसले, आणि अण्णा तिच्यावरच ओरडले होते, ‘ब्रेकला तेल लावणारा आणि जेवणात विष कालवणारा, दोघं एकाच माळेचे मणी.’ तो गाल झणझणला होता, ते मला अजून चांगलं आठवतं. हल्लीचं काही तितकं आठवत नाही.

मी अण्णांच्या समोर जाऊन बोट धरलं. ते बराच वेळ बोटाकडे बघत राहिले.

‘काय आहे हे, अण्णा?’

‘तेल.’

‘कुणी घातलं?’

‘मीच की. गुरुवारी दुपारी. चाकाच्या भोकांतून नळी जाते आत. दोन्हीकडे चार-चार थेंब.’ हे सांगताना त्यांचा आवाज साधाच होता, काम केल्याचं सांगतात तसा. मग त्यांची नजर बोटावरून तबकडीवर गेली. तिथे थांबली. तोंड थोडं उघडं राहिलं. छत्तीस वर्षांचा फिटर परत आला आणि त्याला समोर काय आहे ते दिसलं, असं काहीतरी झालं असावं. त्यांनी खिशातली पट्टी काढली आणि परत ठेवली.

‘ब्रेकला?’ मी म्हणालो.

‘तेव्हा ते ब्रेक आहेत असं डोक्यातच आलं नाही रे,’ अण्णा म्हणाले. ‘आवाज होता. आवाजाला तेल.’

मी परत जाऊन चाकाशी बसलो. शुक्रवारी सकाळी ठकी या ब्रेकवर शाळेत गेली होती. दुपारी याच ब्रेकवर आली होती. शाळेच्या फाटकापाशी उतार आहे आणि तिथे पोरं मुंग्यांसारखी असतात. हे सगळं मी मनात एकेक करून मांडलं, नीट, टेबलावर सुऱ्या-काटे मांडतात तसं, आणि वाट बघितली. हात थरथरला नाही. उद्या सोमवार होता. साडेसातला ठकी दप्तर घेऊन पुन्हा अण्णांच्या मागच्या सीटवर बसणार होती. नवे पॅड घातले की गाडी थांबेल, हे खरं. पण ज्या डोक्यातून गुरुवारी दुपारी ब्रेक निघून गेला, त्यातून उद्या काय निघून जाईल ते कुणी सांगावं. आणि कान. कानांचं तर मला आकड्यांत माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या लायसनची मुदत संपत आली होती. नूतनीकरणाला कान चांगले असल्याची चिठ्ठी लागते. दुसऱ्या कुणाकडे कशाला जायचं, घरचाच माणूस आहे, असं बायको म्हणाली. मी त्यांना शनिवारी दुपारी गर्दी नसताना नेलं. आमच्या कामात एक साधा नियम आहे, पहिल्या दिवशी शिकवतात तो: आतली खुर्ची तिरकी ठेवायची. माणूस काचेकडे सरळ तोंड करून बसला की त्याला तपासणाऱ्याचा हात दिसतो, खांदा हललेला दिसतो, चेहरा दिसतो, आणि न ऐकताही तो बरोबर वेळेला बटण दाबतो. लबाडी म्हणून नव्हे. माणसाला पास व्हायचं असतं. अण्णांच्या आधी एक बाई होत्या, त्यांची खुर्ची मी तिरकी केली होती. त्या गेल्या, अण्णा आले, आणि मी खुर्ची सरळ केली. हे विसरून झालं नाही. मी दोन्ही हातांनी ती फिरवली, तिच्या पायांचा फरशीवर घासल्याचा आवाज मला अजून येतो. अण्णा काचेतून माझ्याकडे बघत बसले. जाडे आवाज त्यांना येत होते. बारीक आवाज मी सोडायला लागलो, पाखरांचे, घंटीचे, लहान मुलांच्या बोलण्यातले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काहीच हललं नाही. ते फक्त माझा खांदा बघत होते, आणि खांदा हलला की बटण दाबत होते. मी खुणा करत गेलो. सरळ, सुरेख रेघ आली. त्या रेघेखाली मी सही केली. का केली याला मोठं कारण नाही. शाळेची बस आमच्याकडे येत नव्हती, बायकोला नुकती बढती मिळाली होती, आणि अण्णा सकाळी साडेसहालाच किल्ली खिशात टाकून तयार बसायचे. सगळं सुरळीत चाललं होतं. ठकी मला एकदा म्हणाली होती, मी आजोबांना सगळी गुपितं सांगते, ते कुणाला सांगत नाहीत, नुसतं ‘हो का, हो का’ म्हणतात.

चिमट्याचे दोन बोल्ट काढले, चिमटा वर उचलून तारेने टांगला. जुने पॅड ओढून काढले. तेल त्यांच्यात मुरलं होतं, ते वाचण्यातले नव्हते. तसेही झिजून पापडासारखे झाले होते. मी स्प्रे मारून तबकडी पुसली, पुन्हा मारून पुन्हा पुसली, फडकं काळं झालं, दुसरं घेतलं. बारीक पॉलिशपेपरने घासली. अण्णा स्टूल ओढत जवळ आले. माझं तोंड दिसेल अशा बाजूला बसले. इतकी वर्षं ते नेहमी तसेच बसतात, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

‘ठकी कानांत बोटं घालून बसायची,’ अण्णा म्हणाले. ‘आरशात दिसायची मला. पहिल्यांदा वाटलं, आपल्या बोलण्याला कंटाळली पोर. म्हणून दोन दिवस काही बोललोच नाही. तरी बोटं कानांतच. मग सूनबाई म्हणाली, गाडी किंचाळते. तेव्हा कळलं.’

‘तुम्हाला तो आवाज कधीच आला नाही?’

‘नाही. तुला माहीत होतं की.’

माझा हात तबकडीवर थांबला. ‘मला काय माहीत होतं?’

‘खुर्ची सरळ केलीस ना तू. त्या बाई बसल्या होत्या तेव्हा तिरकी होती, मी दारातून बघितलं होतं.’ अण्णा मांडीवरचा दोरा काढत म्हणाले. ‘म्हटलं, पोराला सगळं कळलेलं आहे. शिकलेला आहे, रोज हेच करतो. त्याला वाटतंय की अजून चालेल, म्हणजे चालत असणार. नाहीतर पोटच्या पोरीला कोण बसवेल? मला खरं तर तेव्हाच भीती वाटायची रे गाडीची. पण तू सही केलीस, मग मी म्हटलं, आपण कशाला घाबरायचं.’

 दट्ट्या आत दाबायचा असतो, तो चिमट्यातला, नवे जाड पॅड बसायला जागा व्हावी म्हणून. लाकडाचा तुकडा लावून हळूहळू पेच आवळत दाबायचा. तो दाबला. दोन वर्षं ते माझ्या सहीवर गाडी चालवत होते, आणि मी त्यांच्या छत्तीस वर्षांवर झोप काढत होतो. नवे पॅड बसवले. पॅडच्या पाठीला वेगळं वंगण लागतं, नखभर, ते अण्णांनी स्वतः लावून दिलं. त्यांचं बोट पुढच्या बाजूला चुकूनही गेलं नाही. मग दुसरं चाक. तिथेही तेल होतं, चार थेंबांचं. त्याच क्रमाने सगळं. मध्ये बायकोने चहा आणला.

‘झालं का? उद्या तिला सातलाच निघायचंय, लवकर बोलावलंय,’ ती म्हणाली. मग फरशीवरची काळी फडकी बघून तिने विचारलं, ‘काय निघालं?’

अण्णा माझ्याकडे बघत होते. ‘पॅड झिजले होते,’ मी म्हणालो. खोटं काहीच नव्हतं त्यात. तिने कप ठेवले आणि ती ठकीच्या वेण्या घालायला गेली. मला वाटलं, असंच होणार. मी हेही पुसून, घासून, चकचकीत करणार आणि उद्या सातला ती निघणार. चहा गरम होता असं कपाला हात लावल्यावर समजलं.

चाकं चढवली, गाडी खाली घेतली, नट फुलीच्या क्रमाने आवळले. आत बसून ब्रेक पाच-सहा वेळा दाबला, पहिल्यांदा पोकळ गेला, मग पायाखाली घट्ट झाला. नवे पॅड तबकडीवर रुळावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर जायचं, वेग घ्यायचा, हळूहळू थांबवायचं, असं वीसेक वेळा. मी उतरलो, हात पुसले. अण्णा तोवर आत जाऊन पायांत बूट घालून आले होते. ते गाडीला वळसा घालून चालवणाऱ्याच्या दारापाशी आले आणि त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. नेहमीसारखा, तळवा वर करून.

‘अण्णा, तुम्ही आता गाडी चालवायची नाही,’ मी म्हणालो. खरं तर पुटपुटलो.

‘काय?’

त्यांनी कान पुढे केला नाही. सरळ माझ्या तोंडाकडे बघत होते. मी खाली बघितलं, मग वर.

‘तुम्ही आता गाडी चालवायची नाही. ठकीला न्यायचं नाही.’

‘काय म्हणालास?’

शेजारच्या शिंप्यांचं मशीन थांबलं. हात तसाच पुढे होता. पंज्याच्या रेघांत काळं वंगण बसलं होतं आणि अंगठा किंचित हलत होता. मला वाटलं, द्यावी किल्ली. एक दिवस. उद्याचा एक दिवस, मग बसचं बघू, बायकोशी बोलू, नीट बसून ठरवू. आणि मग मी ओरडलो. बापावर इतक्या मोठ्याने मी जन्मात ओरडलो नव्हतो, कुणावरच नव्हतो.

‘अण्णा, गाडी चालवायची नाही! तुम्हाला ऐकू येत नाही! तुमच्या लक्षात राहत नाही! मी खोटी सही केली होती!’

समोरच्या खिडकीचा पडदा बाजूला झाला. बायको दारात येऊन उभी राहिली, तिच्या एका हातात कंगवा होता आणि मागे अर्ध्या वेणीची ठकी. माझा घसा सोलवटल्यासारखा दुखत होता. खूप दुखत होता.

अण्णांनी हात मागे घेतला. तो पँटला पुसला, दोन्ही बाजूंनी.

‘पहिल्यांदा म्हणालास तेव्हाच कळलं होतं,’ ते हळूच म्हणाले.

‘मग परत परत का विचारलंत?’

‘म्हटलं, बदलशील.’

ते गाडीच्या पुढून पलीकडे गेले. दुसरं दार उघडायला त्यांना जरा वेळ लागला, त्या बाजूची मूठ वेगळी आहे. आत बसले, पट्टा शोधून लावला, आणि काच खाली करून समोर बघत म्हणाले, ‘चल. एकदम जोरात दाबू नकोस, नवे आहेत.’